खैरनारांचं ‘हाई काय शे?’

आमच्या ऑफिसात कुणी पेढा दिला की माणसं आधी तो तोंडात टाकत आणि मग विचारत, कशाचा? खैरनार आधी विचारत. देणाऱ्याचा हात तसाच हवेत, आणि खैरनार चष्मा कपाळावर चढवून पेढ्याकडे बघत म्हणत, “हाई काय शे?”

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा साखरपुडा झाला होता. पेढ्यांचा पुडा घेऊन मी सगळ्यांच्या टेबलांवरून फिरले आणि खैरनारांपाशी येऊन अडकले.

“पेढा आहे सर.”

“ते दिसतंय. कशाचा?”

“दुधाचा,” मी म्हटलं. मी नवी होते.

“तसं नाही मॅडम. देवाचा आहे, लग्नाचा आहे की परीक्षेचा? देवाचा असला तर चपला काढून घ्यायचा. लग्नाचा असला तर अभिनंदन करायचं. परीक्षेचा असला तर टक्के विचारायचे. आधी खाऊन बसलो आणि मागाहून कळलं देवाचा होता, मग?”

“बहिणीच्या साखरपुड्याचा.”

“अभिनंदन,” खैरनार म्हणाले आणि पेढा घेतला. चष्मा पुन्हा नाकावर आला. विषय संपला.

खैरनार मूळचे सटाण्याचे. एरवी बोलणं अगदी नाशिक शहरातलं, पण एखादी गोष्ट नेमकी काय आहे हे कळलं नाही की त्यांच्या तोंडून अहिराणी निघे. ‘हे काय आहे’ म्हटलं तर समोरचा उत्तर टाळू शकतो. ‘हाई काय शे’ म्हटल्यावर टाळता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

‘बघू’ या शब्दाचा त्यांना विलक्षण राग. “बघू म्हणजे हो की नाही?” अर्ध्या नाशिकचा कारभार ‘बघू’वर चालतो हे त्यांना पटतच नसे. कुणी येऊन म्हणालं, “जरा एक काम होतं,” तर ते विचारत, “जरा आहे की एक?” फोन उचलला की पहिला प्रश्न, “तक्रार आहे की चौकशी?” चहा आणणारा रघुनाथ तर त्यांच्यापुढे कप ठेवताना स्वतःहूनच जाहीर करू लागला होता, “चहा. आलं घातलेला. साखर कमी.” खैरनार मान डोलावून पावती देत.

चाळिशी उलटली तरी त्यांनी लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलंच तर ते शांतपणे म्हणत, “हा प्रश्न आहे की स्थळ?” पुढे कुणी विचारत नसे.

आणि सहा वाजता ते उठत. सोनवणे सर, म्हणजे आमचे मालक, वाक्याच्या मध्यावर असोत नाहीतर वीज जाऊन आत्ताच आलेली असो, सहा वाजले की खैरनार मशीन बंद करत, बॅग खांद्याला लावत आणि नाशिक रोडची बस गाठत. हे घड्याळाचं वेड असं आम्ही धरून चाललो होतो.

सोनवणे सरांची कंपनी कॉलेज रोडच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. आमची गिऱ्हाइकं म्हणजे पिंपळगाव बसवंतच्या बाजूचे पॅकहाऊसवाले. परदेशी जाणारी द्राक्षं तिथं निवडतात, तोलतात, खोक्यांत भरतात आणि कंटेनर येईपर्यंत थंड खोलीत ठेवतात. त्या सगळ्याची नोंद ठेवणारं आणि खोक्यांवरची लेबलं छापणारं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो, सी प्लस प्लस या भाषेत.

ही भाषा कुणीतरी खैरनारांच्या स्वभावावर बेतून केली असावी. तिच्यात कुठलीही किंमत, म्हणजे वजन असो की नाव, ठेवायची तर आधी सांगावं लागतं, या डब्यात आकडा राहील, त्या डब्यात अक्षरं राहतील. एकदा सांगितलं की सांगितलं. आकड्याच्या डब्यात नाव घालू गेलात तर प्रोग्राम तयारच होत नाही. डाळीच्या डब्यात साखर ओतायला जावं आणि झाकणच उघडू नये, तसं. या भाषेत खैरनार सुखी होते. त्यांच्या प्रोग्रामात चूक निघाल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

हे सुख विधाते अण्णांनी मोडलं. अण्णा आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांची द्राक्षं तीन-चार देशांत जात आणि प्रत्येक खरेदीदाराची तऱ्हा निराळी. कुणाला मणी एवढाच मोठा हवा, कुणाला घड एवढ्याच वजनाचा. बरं, हे नियम हंगामात दर आठवड्याला बदलत. नियम बदलला की आम्ही प्रोग्राम बदलायचा, सीडी बनवायची आणि मी एसटीनं पिंपळगावला जायचं. शेवटी अण्णा म्हणाले, “ताई, तुमी येता त्याचं मला काय नाय. पण तुमी येस्तोवर घड वाट बघत नाय.”

सोनवणे सरांनी तोडगा काढला. स्क्रिप्टची एक लहानशी, फुकट मिळणारी भाषा आमच्या प्रोग्रामच्या पोटात बसवायची. नियम त्या भाषेत दोन-तीन ओळींत लिहिता येतो. मग अण्णांची सुपरवायझर मुलगी नियम स्वतःच बदलेल, आमची गरज नाही. फक्त त्या भाषेतल्या किमती आमच्या सी प्लस प्लसला समजतील असं काहीतरी मध्ये बांधायला हवं होतं. काम अर्थातच खैरनारांकडे गेलं.

“त्या भाषेत आधी काय सांगावं लागतं?” खैरनारांनी विचारलं.

“काहीच नाही,” सर म्हणाले. “तेच तर सोपं आहे. नुसतं नाव द्यायचं आणि त्यात हवं ते ठेवायचं.”

“हवं ते म्हणजे?”

“आत्ता आकडा, मघाशी अक्षरं, उद्या यादी. काहीही.”

“सकाळी आकडा होता तिथं संध्याकाळी नाव?”

“चालतं.”

खैरनारांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, “म्हणजे घर नव्हे. धर्मशाळा.”

पुढचे दोन आठवडे खैरनार कुणी नातेवाईक आजारी असल्यासारखे वावरत होते. सर सुचवत आणि ते करून दाखवत. सर म्हणाले, “सगळंच अक्षरांत ठेवा ना. आकडा काय, अक्षरांतही लिहिता येतो.” खैरनारांनी ठेवलं. मी तपासायला बसले तर शंभर ग्रॅमचा घड नव्याण्णव ग्रॅमच्या घडापेक्षा लहान ठरला. अक्षरं लावायची म्हणजे शब्दकोशासारखी लागणार, आधी पहिलं अक्षर बघणार. एक हा नवाच्या आधी येतो. प्रोग्रामनं उत्तम मोठे घड खुशाल बाजूला काढले आणि किरकोळ घड लंडनला पाठवायला घेतले.

“बरोबर आहे त्याचं,” खैरनार म्हणाले. “आपण त्याला आकडा आहे हे सांगितलंच नाही.”

मग सर म्हणाले, प्रत्येक जातीचा निराळा डबा करा. तसंही करून झालं. पण स्क्रिप्टकडून येणारी किंमत कुठल्या जातीची हे ती येईपर्यंत कळत नाही, मग ती घ्यायला कुठला डबा पुढं करायचा? खैरनार सगळे डबे घेऊन दारात उभे, अशी गत झाली.

एका सकाळी ते आले ते थेट फळ्यापाशी गेले आणि त्यांनी गाठ मारलेलं एक बोचकं काढलं. चित्र चांगलं होतं. बोचक्याच्या गाठीला त्यांनी एक चिंधी लटकवली.

“आमचं सटाण्याला शिंपीकामाचं दुकान होतं,” ते म्हणाले. खैरनार स्वतःबद्दल काही सांगताहेत हे ऐकून रघुनाथही कप घेऊन थांबला. “लोक कपड्यांची बोचकी टाकून जायचे. आत परकर आहे, कोट आहे की गोधडीच्या चिंध्या, वरून कळायचं नाही. मग वडील प्रत्येक बोचक्याला एक चिंधी बांधायचे. चिंधी बघायची आणि मगच गाठ सोडायची. बोचकं सगळ्यांचं सारखंच. आपण तेच करू. डबा एकच. आत जागाही एकच. पण प्रत्येकाला चिंधी. आकडा, अक्षरं, हो-नाही, यादी.”

“झालं तर,” सर म्हणाले.

“आणि पाचवी चिंधी, काहीच नाही.”

“काहीच नाही, तर बोचकं कशाला?”

“शून्य हा आकडा आहे सर. कोरी अक्षरं हीसुद्धा अक्षरंच आहेत. काहीच नाही ही निराळी गोष्ट आहे. तिला तिची चिंधी पाहिजे.”

मी प्रोग्राम उघडून पाहिला तर त्या नव्या प्रकाराचं नाव खरोखरच रोमन लिपीत ‘बोचकं’ होतं. बोचकं सोडण्याआधी त्याला त्याची जात विचारावी लागे, आणि ते विचारणाऱ्या फंक्शनचं नाव होतं ‘हाई काय शे’. सोनवणे सरांनी कपाळाला हात लावला.

“खैरनार, उद्या कुणी बाहेरच्या माणसानं हा कोड उघडला तर तो काय म्हणेल?”

“म्हणेल, हे काय आहे? तेच लिहिलंय.”

मला ते त्या दिवशी जेवताना म्हणाले, “मॅडम, मी आजवर दारातच विचारत आलो. आता आत घ्यायचं आणि मग विचारायचं. जमेल हळूहळू.” हे त्यांनी भाजीचा डबा माझ्यापुढं सरकवत म्हटलं. भाजी कसली ते मात्र मी विचारल्याशिवाय सांगितलं नाही, बहुधा माझी परीक्षा होती.

हंगाम सुरू झाला तशी आम्ही दोघं पिंपळगावला जाऊन ते सगळं बसवून आलो. सुपरवायझर मुलगी हुशार होती, तिनं अर्ध्या तासात पहिला नियम लिहिला. अण्णा खूश होते. तेवढ्यात त्यांचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडं गेलं. तिथं थंड खोल्यांचं तापमान दिसायचं. एका खोलीपुढं लिहिलं होतं, ‘माहीत नाही’.

“हे काय?” अण्णा म्हणाले.

“त्या खोलीतला तापमापक अजून जोडलेला नाही,” खैरनार म्हणाले.

“मंग तिथं शून्य टाका.”

“शून्य टाकता येणार नाही.”

“का? बाकी लय गोष्टी टाकल्या तुमी.”

“अण्णा, द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवायची असतात. शून्य दिसलं म्हणजे तुम्ही समजणार आत सगळं ठीक आहे. आणि इथं तर आपल्याला काहीच कळलेलं नाही.”

“अवो, पण उद्या परदेशातला माणूस येऊन हितं उभा राहणार. त्याला काय सांगू, माझा कॉम्प्युटर म्हणतो माहीत नाही?”

“खरं तेच म्हणतोय.”

“साहेब, खरं तर मला बी लय गोष्टी माहीत नाय. मी काय कपाळावर लिहून फिरतो का?”

सुपरवायझर मुलगी तोंड फिरवून हसली. खैरनार हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, “शून्य हवं असेल तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.” अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या टेम्पोकडे पाहिलं. शेवटी आम्ही निघाल्यावर अण्णांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यावर कागदाची पट्टी चिकटवून टाकली, हे मला त्या मुलीनं नंतर सांगितलं. पुढं एका दुपारी उंदरानं भरल्या खोलीच्या तापमापकाची आणि थंड हवेच्या मशीनची, दोन्हींची वायर कुरतडली. बाकीच्या खोल्यांचे आकडे बघायला तिनं पट्टी जरा उचलली, तर त्या खोलीपुढं ‘माहीत नाही’ आलेलं. ती आत जाऊन बघते तर खोली उबदार व्हायला लागली होती. माल वाचला. अण्णांनी फोन करून काही कबूल केलं नाही, फक्त खैरनारांसाठी द्राक्षांची एक पेटी पाठवली. खैरनारांनी पेटी आणणाऱ्याला विचारलं, “भेट आहे की नमुना?”

आणि हंगाम अगदी भरात असताना, एका दुपारी अण्णांचा फोन मला आला.

“ताई, आमच्या शेतकऱ्यांची नावं चिनी झाली.”

खोक्यांच्या लेबलांवर शेतकऱ्याचं नाव छापलं जायचं. सकाळपासून व्यवस्थित छापलं जात होतं आणि दुपारनंतर मधूनच एखाद्या नावाच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, भलतीच अक्षरं येऊ लागली. कंटेनर दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचा होता. नाव बरोबर नसलेलं खोकं तिकडं कुणी उतरवून घेत नाही. सोनवणे सरांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. आम्ही चार तास शोधत होतो. आमच्या मशीनवर तर एकही नाव बिघडत नव्हतं.

सहा वाजले. खैरनार उठले, बॅग खांद्याला लावली.

“खैरनार, आज?” सर म्हणाले.

“सर, मला जावं लागेल. डोक्यात चालू आहे. सापडलं की कळवतो.”

“घरी कॉम्प्युटर आहे का तुमच्याकडं?”

“नाही.”

“मग डोक्यातलं कंटेनरमध्ये कसं पोचणार?”

खैरनार क्षणभर दारात घुटमळले आणि गेले. सर भयंकर चिडले. मग त्यांनी कंपनीचा एकुलता एक लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तू जा त्याच्या घरी. दुरुस्त झालं की फोन कर. मी गाडी घेऊन येतो, सीडी घेऊन तसाच पिंपळगावला जातो.”

खैरनार नाशिक रोड स्टेशनच्या पलीकडच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहत. मी मोपेडवरून पोचले तेव्हा दार उघडंच होतं. शेजारच्या जाधवबाई चपला घालत होत्या. “आलेत ते. दिवसभराची राखण संपली, मी जाते,” असं त्या आत बघून म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहून हसून गेल्या. खैरनार पुढं आले. मला बघून ओशाळल्यासारखे झाले, पण लॅपटॉप दिसताच म्हणाले, “या, या. सापडलंय. बसमध्येच सापडलं.”

खिडकीपाशी खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. अंगानं लहानखुरे, धुतलेलं स्वच्छ धोतर-सदरा, मांडीवर शाल. शालीची किनार दोन बोटांत धरून ते ती तपासत होते, टाका कुठं सुटलाय का ते बघावं तशी.

“माझे वडील,” खैरनार म्हणाले. “अप्पा.”

मी नमस्कार केला. अप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली, मग खैरनारांकडे वळून म्हणाले, “मास्तर, आज शाळा लवकर सुटनी का?”

मला वाटलं आता खैरनार दुरुस्त करणार. ते म्हणाले, “हां अप्पा, लवकर सुटली आज.” आणि लॅपटॉप उघडून माझ्याशी बोलायला लागले.

बिघाड असा होता. स्क्रिप्टची ती भाषा अधूनमधून आपलं घर झाडते. जी वस्तू आता कुणाला नको असं तिला वाटेल ती फेकून देते आणि ती जागा दुसऱ्या कशाला तरी देते. शेतकऱ्याचं नाव आमच्या बोचक्यात आलं, पण खरं ते ठेवलेलं तिच्या घरात. आम्हाला ते अजून हवंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं झाडून टाकलं. आमचं बोचकं त्याच जागेकडे बोट दाखवत राहिलं आणि तिथं आता भलतंच काही होतं. ऑफिसात आम्ही दहावीस खोकी छापून बघत होतो, तेवढ्यानं घर झाडायची वेळच येत नव्हती.

“आम्ही हे धरलंय, असं तिला कळवायला पाहिजे,” खैरनार म्हणाले. “आणि काम झालं की सोडलं म्हणून सांगायचं. चूक माझी आहे.”

ते लिहू लागले. तेवढ्यात अप्पांनी हाक मारली, “शांते!”

“उनी, उनी,” खैरनार म्हणाले आणि उठले. ‘आले, आले’ असं बाईमाणसानं म्हणावं, तसं. त्यांनी अप्पांना पाणी दिलं, शाल सारखी केली, येऊन पुन्हा लिहायला बसले. जरा वेळानं पडद्याकडे बघतच ते हळू आवाजात म्हणाले, “शांता माझी आई. मास्तर आमचे सटाण्याचे शेजारी. दोघंही आता नाहीत.”

“तुम्ही कोण ते सांगत नाही त्यांना?”

“आधी सांगायचो. मी शांता नाही, आई गेली, असं. दर वेळी त्यांना ते नव्यानंच कळायचं. दर वेळी तेवढंच रडायचे.” त्यांनी एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली. “मग मीच सोडलं. ज्या नावानं हाक मारतील त्या नावानं ओ देतो.”

“आणि तुमच्या नावानं?”

“कधी कधी मारतात.”

दुरुस्ती झाली. आम्ही खोटी खोकी हजारांनी छापायला लावून पाहिलं, एकही नाव बिघडलं नाही. मी सरांना फोन केला, ते निघालेच. कंटेनर दुसऱ्या दिवशी वेळेवर गेला हे इथंच सांगून टाकते, कारण नंतर मला त्याची आठवणही राहिली नाही.

सर येईपर्यंत मी थांबणार होतेच. खैरनारांनी अप्पांचं ताट वाढलं. मऊ खिचडी, वर तूप, बाजूला भाजलेला पापड. अप्पांनी ताट बाजूला केलं.

“पोऱ्या आजून उना नही.”

“ई जाई तो. तुम्ही जेवी ल्या,” खैरनार म्हणाले.

“नही. त्यानं हापीस लांब शे. तो उना का जेवसू.”

वाट मुलाची होती आणि खैरनार समोरच उभे होते, हातात तुपाची वाटी घेऊन. त्यांनी वाटी ठेवली आणि मला म्हणाले, “मॅडम, बेल वाजली की दार उघडाल? रोज जाधवबाई येऊन उघडतात.”

मला काही समजलं नव्हतं, तरी मी हो म्हटलं. त्यांनी पायात बूट चढवले, ऑफिसची बॅग खांद्याला अडकवली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. जिन्यावरून पावलं खाली गेली. थोड्या वेळानं ती वर आली. बेल वाजली.

अप्पांनी मान वर केली. मी दार उघडलं. खैरनार उभे होते, दिवसभर काम करून आत्ताच घरी पोचलेल्या माणसासारखे. केस हातानं सारखे केलेले. ऑफिसात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

“आलो अप्पा.”

अप्पा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. मग ते फार अदबीनं म्हणाले, “कोन पाहिजे आपल्याला?”

खैरनारांनी बॅग खाली ठेवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

“शर्ट शिवायचा होता,” ते म्हणाले.

अप्पांचा चेहराच बदलला. खुर्चीचा हात धरून ते उठले, सावकाश चालत आले. टेप नव्हती, लागलीही नाही. त्यांनी वितीनं पाठ मोजली, दोन बोटं घालून गळा पाहिला, मनगटापासून वर बाही मोजत गेले. खैरनार हात सोडून, सांगितल्यासारखे सरळ उभे होते. अप्पांचे हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर आले आणि तिथं थांबले.

“उजवा खांदा उतरेल शे तुमना.”

“हो.”

“आमना पोऱ्याना बी आसाच शे,” अप्पा म्हणाले. हात त्यांनी काढले नव्हते. “लहानपनपासून.”

परक्या माणसासारखं, नीट शहरी मराठीत खैरनार म्हणाले, “मग त्याच्याच मापानं शिवा.”

अप्पांनी मान डोलावली. खुर्चीत परत बसले, ताट जवळ ओढलं आणि मला म्हणाले, “पोरी, यास्ले बी वाढ. लांबून येल शेत.”

मी दुसरं ताट घेतलं. दोघं समोरासमोर जेवले.